गोकुळच्या खोलीची सावड

तळेघर,
श्रावणातला पहिला सोमवार

ती. गेणूदादास,

धाकट्या अंबूचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. वहिनीचा खोकला गेला का? (कळंबला बसून हायवेची धूळ खायची आणि आमच्या धुक्याला नावं ठेवायची, त्याला औषध नाही.) आम्ही खुशाल आहोत. आमची आवणी झाली, भाताची सगळी रोपं खाचरात लागली! मागच्या फोनवर मी रडले होते, म्हणून हे आधी सांगते. आताही फोनच केला असता, पण रेंज येते त्या दगडावर तुझे दाजी ठाण मांडून बसतात, आणि सगळंच त्यांच्यापुढे बोलता येत नाही.

कळंबला जाऊन सावड विसरला असशील. आपल्या घरचा माणूस दुसऱ्यांच्या आवणीला राबला, की ते आपल्या खाचरात राबायला येतात. आमच्या घरचा राबणारा माणूस म्हणजे आमचा पोरगा गोकुळ, आणि तो भोसरीला कंपनीत. उरले तुझे दाजी आणि त्यांचे गुडघे. तरी ऐटीत शेजारच्या बयाबाईच्या आवणीला गेले, तेही गोकुळने पाठवलेले गमबूट घालून. (शहरात गेलं की पोरांना चिखल म्हणजे रोगच वाटतो.) बुटांत चिखल भरला आणि दाजी खुंटासारखे रुतले. चौघांनी हातातलं काम टाकून त्यांना उपटलं. दाजी निघाले, एक बूट आतच राहिला. सावड द्यायला गेलेला माणूस उलट चौघांची सावड अंगावर घेऊन आला!

इकडे आमची रोपं पिवळी पडायला लागली. आणखी थांबलो असतो तर वर्षाचा भात गेला असता. पण बोलवायचं कोणत्या तोंडाने? मी भोसरीला, कंपनीला आणि तुलाही (पोराला नोकरीला धाड, हा सल्ला तुझाच) मनात शिव्या दिल्या आणि एकटीच खाचरात उतरले.

जरा वेळाने मान वर केली, तर बांधावरून पावसासाठी डोक्यावर इरली घेतलेली माणसं येताना दिसली. पुढे बयाबाई, हातात तो बूट. मला वाटलं, भांडायलाच आली. तर म्हणते, "आमचा सुनील नोकरी लागंपत्तुर तुझ्या गोकुळच्या खोलीत ऱ्हायला, त्याच्या हातचं जेवला. ती सावड न्हाई व्हय? या समद्यांची पोरं तितंच व्हती की!"

आणि त्याच खोलीची धर्मशाळा केलीस म्हणून तुझे दाजी पोरावर फोनवर खेकसायचे! मला हुंदका आवरेना. त्यावर बयाबाई, "रडाया मागनं बस, आदी रोपं दे!" संध्याकाळपर्यंत सगळी खाचरं हिरवी झाली. दाजी एका पायात बूट घालून बांधावरून हुकूम सोडत होते, कुणी ऐकलं नाही. दादा, छातीवरचा धोंडा उतरला बघ. त्या दिवशी मी पोटभर जेवले.

वहिनीला नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझी,
अंबू

ता. क. पत्राचं खरं कारण राहिलंच. हे सगळं ऐकून गोकुळ म्हणतो, तुमचे हाल बघवत नाहीत, खोली सोडतो आणि कायमचा घरी येतो. तो तुझंच ऐकतो, त्याला समजाव. तो घरी आला तर आमच्या आवणीला येणार कोण?

ता. क. आणखी एक. फार जोर लावून समजावू नकोस. त्याची गोधडी मी चुलीच्या उबेला वाळत टाकली आहे.