भोकाची पोती आणि माझं तरंगणारं खाद्य

१ डिसेंबर, सकाळी
संकल्प. माशांच्या खाद्याचे तरंगणारे दाणे घरी करायचे. आंध्रात, आमच्या भीमवरमच्या आसपास फॅक्टरी सोडून कोणाला जमलेलं नाही. सासरे अजून भोकाच्या पोत्यांत कोंडा आणि पेंड भरून तळ्यात बांबूंना बांधतात. माशांनी यावं आणि चोखावं! शुद्ध अडाणीपणा. मोठं तळं कुठल्या जावयाला सांभाळायला द्यायचं, ते संक्रांतीला ठरणार. मी किंवा साडू वीर्राजू. वीर्राजूला चिखलापलीकडे काही कळत नाही. म्हणजे मीच.

६ डिसेंबर
सेकंडहँड मशीन आलं. कोंडा, पेंड, सुकी मासळी दळायची, पीठ वाफेवर शिजवायचं, दाबून जाळीतून काढायचं. बाहेर पडताच दाणा फुगतो, म्हणून तरंगतो. विकणारा वाफेसाठी बॉयलरही घ्या म्हणून मागे लागला. वाफ इडलीला लागते, माशाला नाही, असं सुनावलं. हात जोडून निघून गेला. पटलं असणार.

९ डिसेंबर
भरड जाड झाली. सत्यवेणी म्हणाली, अजून बारीक दळा. बायकोला काय कळतंय! मासे चावून खातील.

१५ डिसेंबर, दुपारी
दाणे देखणे झाले. बादलीत टाकले. बुडाले. वीर्राजू फिदीफिदी हसला. त्याला सांगितलं, हे तळाशी राहणाऱ्या माशांसाठी आहेत. थोड्या वेळाने दाणेच दिसेनात, नुसता गाळ. पचायला हलके.

२२ डिसेंबर
वाळत घातलेले दाणे शेजारच्या कोंबड्यांनी निम्मे फस्त केले. क्वालिटीचा पुरावा.

१४ जानेवारी, संक्रांत
सगळं घर बांधावर. ऐटीत मूठभर दाणे फेकले. बुडाले. एक मासा फिरकला नाही. पुन्हा फेकले. मेव्हण्या तोंडाला पदर लावून हसत होत्या. फार लाज वाटली.

सासऱ्यांनी उरलेले दाणे पायाखाली चुरडले, भोकाच्या पोत्यात भरले आणि बांबूला बांधले. बघता बघता रोहूंची झुंबड! मी ओरडलो, बघा, माझंच खाद्य! सासरे म्हणाले, खाद्य झकास आहे, जावईबापू. मशीनमध्ये घातलं नसतं तर माशांनी महिन्यापूर्वीच खाल्लं असतं.

तळं वीर्राजूला. पंगतीत एकही पदार्थ गोड लागला नाही.

१५ जानेवारी
माझ्यावरही जबाबदारी आली. पोत्यांना भोकं पाडायची. नाजूक काम आहे. वीर्राजूला जमलं नसतं.