सात मिनिटांची शांतता

३ मार्च, सोमवार

खोकी आली एकदाची! आवाजाचे चार बॉक्स, त्यांना एकमेकांशी जोडणारा एक स्विच आणि वायरींची भेंडोळी. आता या खोलीतल्या माइकचा आवाज बारीक बारीक पाकिटं होऊन त्या खोलीत नेटवर्कवरून जाणार. मामा खोक्यांभोवती दोनदा फिरले. "आवाजाची पाकिटं करून पाठवायची? मग पत्ता कोण लिहिणार?" हसून हसून पुरेवाट!

मामा तसे कुणाचेच मामा नाहीत, आमच्या रेडिओ केंद्राचे थोरले तंत्रज्ञ. वायर सोलण्यापासून सगळं मला त्यांनीच शिकवलं.

४ मार्च

दिवसभर वायरी ओढल्या. पाठ मोडली.

६ मार्च, गुरुवार

नको ते ऐकलं.

मीटिंगच्या खोलीत माइक जोडला आणि आमच्या खोलीत येऊन हेडफोनवर तपासत होते. तेवढ्यात तिथे साहेब आणि मुख्य ऑफिसातल्या बाई येऊन बसल्या. हेडफोन लगेच काढायला हवा होता. नाही काढला!

साहेब — "हे सुरू झालं की तंत्रज्ञ एकच पुरे."

बाई — "मग दोघांतलं कोण?"

तेवढ्यात कुणीतरी साहेबांना हाक मारली. दोघं उठून गेले.

मामा माझ्या शेजारीच. "काय गं, येतोय का आवाज?"

म्हटलं, "नुसती खरखर आहे."

७ मार्च

मामांची सव्वीस वर्षं. माझी नऊ, तीही कंत्राटावर. हे वर्षभर घरीच आहेत, नोकरीचा पत्ता नाही. मला काढलं तर? कुणाला विचारणार?

१० मार्च, सोमवार

मामांना शिकवायला बसले. त्यांनी नवी वही आणलेली, समास आखून! "सावकाश सांग बाई, माझं डोकं जुन्या वळणाचं."

सगळं सांगितलं. एक सोडून. चारही बॉक्स एकाच घड्याळावर चालावे लागतात, पहिल्या बॉक्सच्या. वीज जाऊन आली तर आधी तो चालू करायचा, मग बाकीचे. नाहीतर आवाज फाटतो, तुटतो.

एवढं सांगायचं राहिलं. — नाही. इथे तरी खरं लिहावं. राहिलं नाही, मी सांगितलं नाही.

१२ मार्च

नवे बॉक्स आजपासून प्रसारणाला लागले. आज सांगू, उद्या सांगू. मामांनी चहा आणून दिला. तरी नाहीच.

१३ मार्च, गुरुवार

सुट्टी होती. सकाळी साडेसातच्या बातम्या लावल्या होत्या. निवेदिकेचा आवाज फाटला, अडखळला, आणि मग काहीच नाही. हे म्हणाले, "सेल गेले वाटतं." मला मात्र कळलं होतं. केंद्रावर वीज जाऊन आली असणार.

फोन वाजला. मामा! एक वाक्य सांगितलं असतं तरी भागलं असतं. मी फोनकडे बघत उभी राहिले. तो वाजून वाजून थांबला. "उचल की," हे म्हणाले. "चुकीचा नंबर आहे," म्हटलं.

सात मिनिटांनी आवाज आला. मामांनी एकेक बॉक्स बंद-चालू करून जमवलं असणार.

१४ मार्च, शुक्रवार

साहेबांनी सगळ्यांसमोर मामांची खरडपट्टी काढली. मामा मान खाली घालून उभे. "चूक माझीच, साहेब. हिने नीट समजावलं होतं. माझ्याच टाळक्यात शिरलं नाही." मग जागेवर जाऊन वहीची पानं पुढे-मागे करत बसले — कुठे लिहून घ्यायचं राहिलं ते शोधत.

फोन का उचलला नाही, हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही!

१५ मार्च, शनिवार

साहेबांच्या खोलीत गेले. हेडफोनपासून न उचललेल्या फोनपर्यंत, एका दमात सगळं सांगून टाकलं. त्यांनी ड्रॉवरमधून एक कागद काढून माझ्यापुढे सरकवला.

मामांचा राजीनामा. जानेवारीतला! 'मार्चअखेर मी थांबतो. माझ्या जागी तिला कायम करा. तोवर नवीन काम तिच्या हाताखाली शिकेन म्हणतो.'

"सही कालच झाली तुझ्या नेमणुकीवर," साहेब म्हणाले. "पण आत्ता जे मला सांगितलंस ते मामांना तूच सांगायचंस. मी नाही."