संघदीपच्या तंबूचं काय झालं

इंदूबाई, सल्ला तू देतं अन् भोगावं मले लागते. पोराले फोनवर सांगाची काय गरज होती, का पोरीले घेऊन एखाद रात्र कुठंतरी बाहेर राहून ये, मंग ते लळा लावन म्हणून? तुले काय, तू महागावले उन्हात पाय पसरून बसली. इकडं माझी कंबर गेली, डोंगरसिंगचा हरभरा गेला, अन् अजून काय काय जाणार आहे ते पुढं लिहितो.

आता जय भीम. तुझे गुडघे कसे आहेत? माझे विचारू नको. फोनच करणार होती, पण तुले ऐकू येत नाही अन् मी ओरडली का सारी गल्ली ऐकते. म्हणून चौथीच्या अक्षरात लिहून राह्यली. तुझी सून दीपा वाचून दाखवन तेव्हा तिले सांग, मधलं गाळाचं नाही. (मागच्या पत्रात तिच्या माहेराबद्दल लिहिलतं ते तिनं गाळलं, मले माहीत आहे.)

तर तुझ्या भाच्याच्या, संघदीपच्या डोक्यात आलं आहे का, परीक्षा झाली का पोरीले, मैत्रीले, राजूरले न्याचं. त्याची खाणीतली ड्युटी, दोन खोल्यांचं क्वार्टर, अन् चहाचं भांडं कोणतं अन् भाजीचं कोणतं ते त्याले माहीत नाही. सून शीला वारली तेव्हापासून पोट्टी माझ्यापाशी आहे. बाप महिन्यातून एकदा येते, मागच्या वर्षीच्या मापाचा फ्रॉक आणते. पोट्टी त्याले "तुम्ही बसा, पाणी आणू का" म्हणते, जसा शाळा तपासाले साहेब आला. मी म्हटलं, अशी पोरगी तू नेशीन कशी? तर म्हणे, आई, एक रात्र माझ्यासंग राहू दे, तिले करमलं नाही तर मी पुन्हा नाव काढणार नाही. हे बोल तू ध्यानात ठेव.

मंग त्यानं मोबाईलवरून तंबू बोलावला. आता मले सांग, आपल्याकडं शेतात झोपणं म्हणजे जागल. डुकरं पीक खातात म्हणून माणूस झोपेचं खोबरं करून शेतात जाते, हौस म्हणून कोणी जाते का? तुझ्या भावानं, बाबारावनं, सारा जन्म लोकाच्या शेतात जागल केली (थंडीनं छाती धरली ते शेवटपर्यंत), अन् त्याचा पोरगा तेच काम मजा म्हणून कराले निघाला. पोट्टी म्हणे, आजी आली तरच येईन. तेव्हा मलेही जाणं आलं. जागा ठरली डोंगरसिंगच्या शेतात, हरभऱ्याच्या कडेले. आभाळ मोकळं होतं, थंडी अशी का कानात सुया. संघदीप म्हणे, आई, खायचं काही घेऊ नको, आम्ही दोघं तिथं रांधू. मी भाकरी अन् ठेचा पदराखाली घेतला.

तंबूचं सांगतो. तो उभा झाला तेव्हा उलट्या टोपल्यासारखा दिसे. त्याच्या दोऱ्या ताणाले खिळे असतात, ते जमिनीत ठोकाचे. आपली काळी माती, भेगा पडलेली. संघदीपनं खिळा ठोकला का तो भेगेत सरळ खाली जाय, पुन्हा दिसे नाही. अर्धे खिळे धरतीनं गिळले. भाताचा खाली कोळसा अन् वर तांदूळ. पोट्टीनं चुपचाप माझी भाकर खाल्ली, बापानंही खाल्ली. मी मनात म्हटलं, झालं, उद्या हा एकटाच राजूरले जाईन. मले वाईट वाटलं असं मी म्हणणार नाही.

पण दिवे लागणीच्या टाईमले पोट्टी शेताच्या बांधानं, धुऱ्यानं, फिरून राह्यली होती. धुऱ्यावर डोंगरसिंगनं डुकरासाठी जुन्या साड्या बांधल्या आहेत, सारेच बांधतात. पोट्टी एकेका साडीले हात लावत चालली, अन् एका पोपटी साडीपाशी थांबली. तिथून बापाले ओरडली, "हे मम्मीची आहे."

शीलाच्या साड्या मीच डोंगरसिंगच्या बायकोले, रुपीबाईले देल्ल्या होत्या, धुऱ्याले बांधाले. पेटीत ठेवून कसर लावून घेण्यात काय शहाणपण आहे? पण तुझा भाचा म्हणे, नाही बेटा, कोणाची तरी दुसरीची असन. (नवऱ्याले बायकोची साडी ओळखू येत नाही, पाहून घे.) पोट्टीनं पदराचा इस्त्रीचा डाग दाखवला. म्हणे, "तूच जाळली होती न! मम्मी किती हासली होती!" इंदूबाई, तिनं बापाले तू म्हटलं. माझ्या ध्यानात आलं, त्याच्या नाही आलं. तो गाठ सोडाले बसला. डोंगरसिंगची गाठ ती, पावसाळा पिऊन दगड झालेली. त्यानं दातानं सोडवली. मी म्हटलं, राहू दे, आतमध्ये हरभरा आहे, डुकराले फाटक उघडून देऊन राह्यला तू. ऐकते कोण? मी रुपीबाईच्या खोपडीत जाऊन झोपली.

सकाळी पाहतो तर तंबू जमिनीले चिकटलेला, अन् बाप-लेक धुऱ्यावर उघड्यात, त्या एका साडीत गुंडाळून, दव पडून ओलेचिंब, घोरून राह्यले. अन् त्यांच्या पायापासून दहा हातावर हरभरा असा उकरलेला का नांगर फिरला. डुकरं त्याच वाटेनं आली, पोट भरून गेली, अन् यांच्यातलं कोणी कूस बदललं नाही. बाबारावच्या घरची जागल!

डोंगरसिंग भल्ला बोलला. "बाबू, जागलीले माणसं आणली का पाहुणचाराले? डुकराले चहा पाजला का नाही?" संघदीपनं मान खाली घातली अन् तो तंबूच उचलून साडी सोडली त्या फटीत बांधला. आता वारा आला का तो असा फुगते अन् फडफडते का कुत्रेही तिकडं जात नाही. रुपीबाई म्हणे, असा अजून एक असन तर आण. मैत्री म्हणे, मम्मीच्या बाकीच्या साड्या राहू दे, उरलेला हरभरा खातीन डुकरं. त्या पोट्टीले अक्कल आहे. माझ्यावर गेली.

बाकी सारं ठीक. तुझी वहिनी, तुळसाबाई, दिग्रस.

ता.क. संग शीलाची साडी पाठवली आहे, डुकराच्या पायाचा चिखल धुतला आहे. तिची गोधडी शिव, इस्त्रीचा डाग वर येऊ दे. माप दोन माणसाचं घे. बाप झोपेत पांघरूण ओढते, अन् राजूरले थंडी असन.

आणखी ता.क. पोट्टीनं माझ्यादेखत दप्तरात कपडे भरून पाहिले, मावतात का म्हणून. मावतात. संघदीप मले विचारून राह्यला, मी भाकरी थापतच राह्यली. आता तो तुले फोन करन, आत्या, नेऊ का म्हणून. माझ्या तोंडून ते निघणार नाही, तेव्हा तू हो म्हण. दीपानं फोनले हात लावाचा नाही, उत्तर तूच द्याचं. ऐकू नाही आलं तरी हो म्हणाचं.