हिरवा फ्यूज

बोनकोडे, कोपरखैरणे
मंगळवार

प्रिय मिथुन,

माझं पत्र बघून तुला नवल वाटेल. तू चिपळूणला गेल्यापासून आपण फोनवरच बोलतो आणि तेही पाच मिनिटांत आटपतं. पाऊस कसा आहे, पार्थची शाळा कशी चाललीय, गणपतीला किती तारखेला निघतोस. गेल्या आठवड्यात मी दोनदा तुझा नंबर लावला. दुसऱ्यांदा तू उचललास, तेव्हा माझ्या तोंडून काय निघालं, तर सुरण लावलंस का. तू हो म्हणालास आणि मी फोन ठेवला. आबांना हे कळलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "पत्र लिव त्याला. फोनवर तू परत अर्धाच सांगशील." म्हणून लिहायला बसलोय. थोडं लांबेल. नंदिनीला वाचायला दिलंस तरी चालेल.

आधी घरचं सांगतो. आई बरी आहे. वॉकर घेऊन सकाळी गॅलरीपर्यंत जाते, तुळशीला पाणी घालते. थंडीत कंबरेतला रॉड दुखतो म्हणते, पण आता तक्रार अशी करत नाही. आबांचे डोळे उतरलेत, पेपर जागृतीकडून वाचून घेतात. तुझ्या संध्यावहिनीचं ट्यूशन चालू आहे. मी अजून पावणे एमआयडीसीतल्या त्याच कारखान्यात आहे, पॅनल बनवतो. बावीस वर्षं झाली वायरिंग करतोय. हे मुद्दाम लिहितोय, कारण पुढचं वाचताना तुला ते लक्षात ठेवायला लागेल.

गेल्या पंधरवड्यात आमच्या गाडीची उजवी हेडलाइट मंद झाली. जागृतीने नुकतंच लायसन्स काढलंय, तर ती म्हणाली, बाबा, मेकॅनिककडे नको, आपणच बघू, मला शिकायचंय. रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये आम्ही दोघांनी बॉनेट उघडलं. पोरीचं डोकं चांगलं चालतं रे. मी म्हटलं, आधी बल्बवर संशय घ्यायचा, तर तिने डावा बल्ब उजवीकडे आणि उजवा डावीकडे लावून पाहिला. उजवी बाजू मंदच. म्हणजे बल्बचा दोष नाही. मग फ्यूज काढून उजेडात धरला, आतली तार शाबूत होती. मग मीटर लावला. बल्बपर्यंत करंट पुरता येत होता, पण त्याला परत जायला वाट धड नव्हती. अर्थिंगची वायर जिथे बॉडीला बोल्टने आवळलेली असते, तिथे गंजाचा थर चढला होता. आपली ही खाडीची खारी हवा, दुसरं काय. तिने पॉलिश पेपरने बोल्ट घासला, आवळला, आणि लाइट लख्ख लागली. तिला एवढा आनंद झाला की वर गॅलरीत बसलेल्या आबांना तिने हात हलवून दाखवला.

मग स्क्रू ड्रायव्हर पुसता पुसता तिने सहज विचारलं, "बाबा, उजेड कमी पडतो तर लोक जास्त पॉवरचा बल्ब टाकतात ना? आपण टाकू या?" मी नाही म्हटलं. ती म्हणाली, "का? काय होतं?" मिथुन, मला उत्तर पाठ होतं. कारखान्यात नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मी ते सांगतो. वायर जेवढ्या करंटची असते तेवढाच तिच्यातून न्यायचा, नाहीतर ती तापते, आणि फ्यूज असतो तो वायर जळण्याआधी स्वतः जळायला. पण मी बॉनेटला हात टेकून उभा राहिलो.

तुला आपली ती जुनी पांढरी गाडी आठवत असेलच. तूच पसंत केली होतीस. पावणे एमआयडीसीतल्या एका कंपनीत स्टाफ ने-आण करायचं काम तुला मिळत होतं, ड्रायव्हरचा बॅज काढून झाला होता, पुढच्या सोमवारपासून लागायचं होतं. तू म्हणालास, दादा, लाइट फार पिवळी पडते, रात्रपाळीचे लोक सोडायचे आहेत. आबा म्हणाले होते, तुर्भ्याला इलेक्ट्रिशियनकडे ने. मला राग आला. घरात वायरमन असताना बाहेर कशाला जायचं, असं मी मोठ्या तोंडाने बोललो. बाजारातून दुप्पट पॉवरचे बल्ब आणले आणि बिल्डिंगखाली बसून लावले. तू टॉर्च धरून शेजारी उभा होतास. लाइट लागली, समोरची भिंत दिवसासारखी उजळली आणि तू माझ्या पाठीवर थाप मारलीस. त्यानंतर तू वर चहा सांगायला गेलास. तेवढ्यात फ्यूज उडाला.

इथून पुढचं तुला माहीत नाही. निळा, पंधरा अँपिअरचा फ्यूज होता. तो उडाला म्हणजे गाडीने मला सरळ सांगितलं होतं की हे बल्ब मला झेपत नाहीत. रिले लावून बॅटरीवरून वेगळी जाड वायर आणायला हवी होती. ते दोन तासांचं काम होतं. तू चहा घेऊन खाली येणार होतास आणि मला तुझ्यासमोर चुकायचं नव्हतं. माझ्या डब्यात एक हिरवा, तीसचा फ्यूज पडला होता. मी तो दाबून बसवला. तू आलास तेव्हा दोन्ही लाइट लागलेल्या होत्या. मी म्हटलं, आता काळजी नाही.

पाच दिवसांनी तू आणि आई पेणहून नात्यातला एक साखरपुडा आटपून निघालात. मला सुट्टी नव्हती म्हणून मी आलो नव्हतो. दिवेलागण होऊन गेली होती. वळणावर दोन्ही लाइट एकदम गेल्या आणि गाडी मोरीच्या कठड्यावर गेली. तुझ्या कपाळाला सात टाके, आणि आईचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन थिएटरच्या बाहेर तू सगळ्यांना एकच सांगत होतास, लाइट आपोआप गेली. आबा तुझ्या तोंडाचा वास घ्यायला पुढे झाले ते मी पाहिलं. तू प्यायला नव्हतास. पण साखरपुड्याहून येणारा जवान पोरगा, लोकांना दुसरं काही सुचत नव्हतं.

गाडी ओढून आणून आपल्या मागच्या मोकळ्या प्लॉटवर ठेवली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी, सगळे हॉस्पिटलात असताना, मी तिथे गेलो. स्टिअरिंगखालचं कव्हर काढलं. लाइटचा स्विच आतून वितळून गोळा झाला होता. वायरी एकमेकींना चिकटल्या होत्या. फ्यूज मात्र जसाच्या तसा होता. तो उडालाच नव्हता, तीसचा होता ना. मी ते सगळं काढलं. भंगारवाल्याकडून तसलाच स्विच आणला, वायरीचा तुकडा बदलला, जुना बल्ब लावला, निळा फ्यूज घातला. वितळलेला स्विच खाडीत टाकला. हे करताना एकही स्क्रू माझ्या हातून निसटला नाही, ते मला अजून आठवतं. काम सफाईने झालं.

मग चार दिवसांनी इन्शुरन्सचा माणूस मेकॅनिकला घेऊन आला. तू होतास, आबा होते, शेजारचे देवजीकाका होते. एक लाइट फुटलेली होती. मेकॅनिकने बॅटरी जोडली, स्विच फिरवला आणि उरलेली लाइट लागली. तो म्हणाला, "लाइट तर चालू आहे." आबांनी तुझ्याकडे पाहिलं. तू त्या लाइटकडे बघत राहिलास. मी तेव्हाही बोललो असतो तर चाललं असतं. मी बोललोच, पण काय बोललो? मी तुझ्या खांद्यावर हात ठेवून समजुतीच्या सुरात म्हणालो, "अरे, समोरच्याला डिपर मारताना तुझा हात स्विचला लागला असेल. होतं असं." देवजीकाका म्हणाले, बघ, भाऊ कसा सांभाळून घेतो.

तू चार महिन्यांनी घर सोडलंस. आबा त्या चार महिन्यांत तुझ्याशी जेमतेम बोलले. ते काम दुसऱ्या कुणाला गेलं. मी स्वतःला सांगत राहिलो की आता सांगून आईचा पाय थोडाच परत येणार आहे, आबांना उगाच धक्का, घरात तमाशा. मला भीती वाटली होती हे खरं, पण ती भीती एक-दोन दिवसांची होती. पुढची अकरा वर्षं नुसती सोय होती. दर गणपतीला तू एसटीने यायचास, दीड दिवस पाहुण्यासारखा बसायचास, आईचे पाय चेपायचास आणि जायचास. मी तुला स्टँडवर सोडायला यायचो आणि परत येताना मला हलकं वाटायचं, हे तुला लिहिताना मला लाज वाटते.

त्या रविवारी पार्किंगमध्ये मी जागृतीला सगळं सांगितलं. ती शेवटी म्हणाली, "काकाला माहितीय?" मी नकारार्थी मान हलवली. ती बॉनेट तसंच उघडं टाकून वर निघून गेली. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाली, "आजोबांना तुम्ही सांगताय की मी सांगू?" मी जेवण झाल्यावर आई-आबांसमोर बसलो आणि सांगितलं. आबा उठून आत गेले, भिंतीकडे तोंड करून झोपले. सकाळी त्यांनी पत्राचं काढलं, तेवढंच. परवा त्यांनी कपाटातून पिशवी काढली आणि आपले दोन शर्ट भरले. येत्या शनिवारी ते तुझ्याकडे येताहेत. जागृती घेऊन येईल. मी विचारलं, तिथे जाऊन काय बोलाल? म्हणाले, "ता मना पन ठाव नाय. जाऊन बसतो त्याच्याजवल." मी यायचं की नाही ते तू ठरव. नको म्हणालास तर मला ते कळेल.

आता मी हे आजच का लिहितोय ते सांगतो. माफीसाठी नाही. ती मागायचीही माझी लायकी नाही. मे महिन्यात नंदिनीने संध्याला फोन केला होता. पार्थ तापाने फणफणला होता, घरासमोर शेजाऱ्यांची गाडी चावीसकट उभी होती, आणि तू त्याला कडेवर घेऊन नाक्यापर्यंत रिक्षा शोधत धावलास. नंतर तिने तुला विचारलं, गाडी येते तर चालवत का नाहीस. तर तू म्हणालास, "माझा हात चुकून स्विचला लागला होता. त्यात आईचा पाय गेला." संध्याने हे मला सांगितलं तेव्हापासून मला धड झोप नाही. मला वाटायचं, तू मनातून तरी ठाम असशील, दादाला चिडून का होईना. मी म्हटलेलं खोटं तू खरं मानून आठवत बसशील हे मला सुचलंच नव्हतं. मिथुन, तुझा हात स्विचला लागला नव्हता. हे मी वायरी बघून सांगतोय, आणि ज्या दिवशी मी आईला सगळं सांगितलं त्या दिवशी ती काय म्हणाली तेही ऐक. आपण अकरा वर्षांत तिला कधी विचारलंच नव्हतं. ती म्हणाली, "त्याचे दोनी हात स्टेरिंगवर होते. लाइट गेली तवा डावा हात त्यानी माझ्या छातीपुढं धरलान, मी आपटू नये म्हनून. मी तवाच सांगत होती. कोनी ऐकलाच नाय."

तुझाच,
दादा
(चंद्रशेखर)