देवळाची रिकामी पायरी

योगेंद्रभाऊ,

दिवाळीत काढलेले पिपरीचे फोटो तू फेसबुकवर टाकले, ते पाह्यले. पाण्याची टाकी, पिठाची गिरणी, मारुतीचं देऊळ, आपली गल्ली. वर लिहिलं, 'माझी पिपरी, माझी माणसं.' माणूस तं एकाही फोटोत नाई.

देवळाच्या पायरीवर माय बसली होती. तू मोबाईल काढला तशी घरी जाऊन नवं लुगडं नेसून आली होती. तिले तू फोटोतून पुसून टाकलं. काऊन? देऊळ झाकत होतं?

मायनं फोटो मोठा करून पाह्यला. "वर्षाली, मी तं इथंच बसली होती ना वं?" मले खरं सांगवलं नाई. म्हटलं, तू पाणी प्याले उठली असशीन.

तिले पटलं. तेव्हापासून रोज संध्याकाळी तेच लुगडं नेसून पायरीवर बसते. पाणी प्याले बी उठत नाई. म्हणते, "पोरगा येईन, परत फोटो काढन."

हे पत्र मी धाडत नाई. वाचलं तं तू पुण्यात बसूनच तिले पायरीवर परत चिकटवून देशीन, आन् काम झालं समजशीन.

अजून पिपरीतच असलेली,
वर्षाली