बाबांच्या शोकसभेची तालीम

४ नोव्हेंबर

बाबांना स्वतःची शोकसभा ऐकायची आहे.

दुपारी माहेरी पोचले. बॅग अजून दारातच, आणि बाबांचं पहिलं वाक्य हे. ब्याण्णवावं चालू आहे. सगळी नोकरी इंजिनिअरिंग कॉलेजात पूल शिकवण्यात गेली. पुलावर माणसं सोडायच्या आधी वाळूच्या गोण्या रचून बघतात, त्याला भारचाचणी म्हणतात – तसंच हे, असं त्यांचं म्हणणं. "मी गेल्यावर लोक वाट्टेल ते बोलतील. दुरुस्त कोण करणार?"

दादा शहराच्या दुसऱ्या टोकाहून खास हे ऐकायला आला होता. कपाळाला हात लावून बसला. "लोक काय म्हणतील, बाबा?"

"तेच तर ऐकायचंय."

आई शेंगा सोलत होती.

५ नोव्हेंबर

दादा फुगलाय. म्हणजे फोन मलाच करावे लागणार.

७ नोव्हेंबर

हे फोनवर सांगायचं तरी कसं? "बाबांची शोकसभा आहे" म्हटलं की समोरचा गप्प. मग मी घाईघाईने, "नाही नाही, आहेत ते, इथेच बसलेत." मग समोरचा आणखीनच गप्प.

त्रिकोण तर रडायलाच लागला. हा बाबांचा जुना विद्यार्थी. काहीही काढायला सांगा, वहीत त्रिकोणच काढायचा, म्हणून बाबांनी ठेवलेलं नाव. आता स्वतःच निवृत्त झालाय. बाबांनी माझ्या हातातून फोन घेतला. "रडणं रविवारी. आत्ता काय बोलणार ते ठरव."

एक अट मात्र चमत्कारिक. कॉलेज, पूल, पुरस्कार यांतलं काही बोलायचं नाही. या घरात काय पाहिलं तेवढंच सांगायचं. मी म्हटलं, अहो, तुम्ही प्राध्यापक म्हणून इतकं केलंत –

"ते कॉलेजवाले छापतील. त्यांच्याकडे विशेषणं पडून आहेत."

८ नोव्हेंबर

आई बाबांच्या शर्टाला इस्त्री करत होती. "उद्या काय आहे गं?"

"बाबांची शोकसभा."

"अगं बाई," म्हणाली, आणि कॉलर उलटून पुन्हा इस्त्री फिरवू लागली.

या वयातही आईचा विनोद अगदी कोरडा. मी किती तरी वेळ हसत होते.

९ नोव्हेंबर, रविवार

झाली एकदाची सभा! बसायच्या खोलीत शेजाऱ्यांच्या खुर्च्या. टेबलावर बाबांचा फोटो, आणि फोटोसमोर कोचावर इस्त्रीच्या शर्टात बाबा. आईला त्यांनी शेजारी बसवलं, बोलणाऱ्याच्या अगदी समोर.

सूत्रसंचालन शेवटी दादाच्याच गळ्यात पडलं. "आज आपल्यात नसलेले –"

"आहे," बाबा म्हणाले.

मग स्तब्धता. बाबाही उभे राहिले. कोणीतरी मध्येच बसायला लागलं, तर त्याला म्हणाले, "थांबा, दोन मिनिटं अजून व्हायची आहेत."

पहिले बोलले शेजारचे दातांचे डॉक्टर. आमच्यासाठी बाबांनी छताला झोका टांगला तेव्हाची गोष्ट. आम्हाला बसू देण्याआधी त्यांनी गल्लीतली माणसं वजनाच्या चढत्या क्रमाने बसवून पाहिली होती. डॉक्टर सगळ्यांत शेवटी.

बाबांनी अडवलं. "दोर कोणी बांधला होता?"

"वहिनींनी."

"मग तसं सांगा. तिच्याकडे बघून सांगा."

डॉक्टरांनी झोका पुन्हा पहिल्यापासून टांगला.

मग त्रिकोण बोलला. एकदा अर्ध्या तासासाठी शंका विचारायला आला होता, तो वसतिगृहात पाणी शिरल्यामुळे महिनाभर आमच्याकडेच राहिला. सर भांडी घासायचे आणि मोठ्यावर लहान अशी उतरंड रचायचे. बाईंना, म्हणजे आईला, हवं ते पातेलं नेमकं तळाशी. त्यावरून रोज वाद.

"ती काय म्हणायची? तिचे शब्द सांग," बाबा म्हणाले.

"म्हणायच्या – तुमचा पूल पडला तर माणसं मरतील, माझं पातेलं पडलं तर नुसता आवाज होईल."

आई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. "कोण हो ती? बरी बोलली!"

सगळी खोली हसली.

मग दादा. लहानपणी तो तापाने फणफणला होता, आणि त्याला सोडून कॉलेजात जाणं बाबांच्या जिवावर आलं. म्हणून त्यांनी वर्गच घरी आणला. त्याच्या पलंगाभोवती मुलं दाटीने उभी, बाबा कपाटाच्या दारावर खडूने आकृत्या काढतायत, आणि आई गर्दीतून वाट काढत कपाळावरची पट्टी बदलतेय. "त्या तापात मला तुळई वाकते कशी ते कळलं," दादा म्हणाला, "आणि बाप वाकतो कसा, तेही." फुगलेला माणूस सगळ्यांत चांगला बोलला.

त्रिकोण निघाला तेव्हा आईने त्याचा हात हातात घेतला. "फार चांगले होते हो. कशाने गेले?"

डॉक्टरांचा चहा शर्टावर सांडला, इतके हसले. एकटे बाबा हसले नाहीत. दमले असावेत.

१० नोव्हेंबर

बाबा दिवसभर खुर्चीत. विचारलं, कशी वाटली सभा?

"एक-दोन गोष्टी पोचल्या."

११ नोव्हेंबर

सकाळी आईने मला चहा दिला. "तुम्ही ह्यांच्या विद्यार्थिनी ना? आहात ना अजून दोन दिवस?"

मी हसले. ती हसली नाही.

बाबा मला बाल्कनीत घेऊन गेले. आईला तपासणाऱ्या मेंदूच्या डॉक्टरांनी उन्हाळ्यातच सांगितलंय. अजून अधूनमधून सगळं लख्ख आठवतं तिला. पुढे नाही आठवणार. बाबा हे दादालाही बोलले नव्हते.

"मग ही सभा –"

"मी गेल्यावर घेतली असतीत," बाबा म्हणाले, "तर कोणाबद्दल चाललंय ते तिला कळलं नसतं."