कोपर

३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू बायकांना नाचायला शिकवतेस हे ऐकल्यापासून आई कपाळाला हात लावून बसली आहे. मला विचारशील तर, नवऱ्याचा मार खाऊन आलेल्या बायकांना आधी झोपू द्यावं, नाच कसला? शाळेच्या गॅदरिंगला उलटी गिरकी घेऊन पडद्यात गुरफटून पडली होतीस, ते सांगितलंस का त्यांना?

आमच्याकडे सगळं ठीक. ह्यांना माझं फोनवर बोलणं खपत नाही, म्हणून पत्रच बरं. चिमी मावशीची आठवण काढते.

लोभ आहे तो आटू देऊ नकोस.
तुझी धाकटी

११ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

गुरफटले होते, पडले नव्हते. बाकी दमले गं. गुडघे कुरकुरतात, आणि आश्रयगृहातल्या बायका भिंत सोडत नाहीत. अगं, हा नाच तसला नव्हे. एकीने अंग हलवायचं, बाकीच्यांनी तसंच करायचं. मार सोसलेलं अंग पुन्हा आपलं वाटावं, एवढ्यासाठी.

काल मात्र मी माती खाल्ली. सगळ्यांना गोळा करायला जोरात टाळी वाजवली, आणि एकजात सगळ्यांची कोपरं तोंडावर गेली. मला रडूच आलं. त्यांच्यात एक शिवणकाम करणारी आहे, आल्यापासून अवाक्षर न बोललेली. ती म्हणाली, "बाई, हे आम्हाला शिकवायला नको." मग तिनेच ते कोपर सावकाश खाली आणलं, तिच्यामागून आम्ही. तासभर तेवढंच केलं. आता टाळी बंद.

तुझ्या पत्रात तुझ्याबद्दल 'ठीक'च्या पुढे काही नसतं. जीव टांगणीला लागतो.

आहेस तशी माझी राहा.
ताई

१९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न.

खोटं कशाला बोलू, तुझं पत्र वाचून रागच आला. काल दुपारी ओट्यावरून झाकण पडलं. हे घरात नव्हते, तरी माझं कोपर तोंडावर. स्वतःचीच लाज वाटली. वळून बघते तर दारात चिमी, तिचंही कोपर तसंच. पाच वर्षांची पोर, ताई. तिला कुणी शिकवलं?

आईच्या कानावर घातलं. ती म्हणाली, संसारात भांड्याला भांडं लागायचंच. लागू दे. मी भांडं नाही, आणि चिमीही नाही.

गुरुवारी हे कामावर गेले की आम्ही निघतो. उत्तर धाडू नकोस, ह्यांच्या हाती पडेल. भिंतीपाशी दोघींपुरती जागा ठेव.

इतकी वर्षं लांबून माया केलीस, आता जवळून कर.
तुझी धाकटी